फुफाट्यातला मासा

मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या गच्चीवर अख्खा मासा भाजून खाण्याचा योग आला. हे स्नेही काही वर्षे दक्षिण फ्रान्समध्ये राहून आलेले. तिथून त्यांनी जे काही आणले, त्यात कोळशाच्या शेगडीवर मासा भाजण्याची हातोटी सर्वांत टिकाऊ ठरली आहे. मासा मात्र इथलाच होता, अलिबागकडून आलेला सव्वा किलोचा जिताडा. खवले काढून, पोट साफ करून, दोन्ही अंगांवर तिरप्या तीन-तीन चिरा दिलेल्या. पोटात लिंबाच्या चकत्या, ठेचलेला लसूण, थाइमच्या काड्या, रोझमेरीचा एक तुरा आणि बडीशेपेच्या झाडाचा हिरवा पाला. अंगाला ऑलिव्हचे तेल आणि जाडे मीठ. तिकडची मोठी पिवळी लिंबे मिळाली नव्हती, म्हणून आपली कागदी लिंबे वापरली होती. त्यांच्या चकत्या इतक्या लहान की पोट भरायला दोन लिंबे संपली. कोळसे पेटले तरी स्नेही घाई करीत नव्हते. ज्वाळा विझून निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरेपर्यंत थांबायचे, जाळी आधी चांगली तापू द्यायची, आणि मासा एकदा ठेवला की त्याला डिवचायचे नाही. कातडी नीट भाजली की ती आपण होऊन जाळी सोडते. त्याआधी उलटायला गेले तर निम्मी कातडी जाळीलाच राहते. हे सगळे ते समजावून सांगत होते आणि आम्ही नवख्यासारखे ऐकत होतो.

मासा उत्तम झाला होता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे जे लिहायचे आहे त्याचा दोष माशाकडे जायला नको.

जेवताना कुणीतरी विचारले, की याला मराठीत काय म्हणायचे? यजमान म्हणाले, ‘ग्रिल्ड फिश’, आणखी काय? एकाने ‘भाजलेला मासा’ सुचवले. त्यावर एक बाई म्हणाल्या, की भाजलेले म्हटले की डोळ्यांपुढे वांगे येते. सगळे हसले. मग मराठीत स्वयंपाकाच्या क्रियापदांची कशी वानवा आहे यावर थोडी चर्चा झाली. इंग्रजीत ग्रिल, रोस्ट, बेक, ब्रॉइल, टोस्ट अशी प्रत्येक आचेला वेगळी संज्ञा. आपल्याकडे मात्र भाकरी भाजायची, शेंगा भाजायच्या, विटाही भाजायच्या आणि चटका बसला तर हातही भाजायचा. मंडळींना आमच्याकडून, मराठीचे अध्यापक म्हणून, काहीतरी अपेक्षित होते. आम्ही लिंबाची बी ताटाच्या कडेला ठेवली आणि गप्प राहिलो. कारण ज्या क्रियापदाचा शोध चालला होता, निदान त्याच्या अगदी जवळचे एक क्रियापद आमच्या टेबलावर २००६ साली येऊन गेले होते, आणि आम्ही ते तांबड्या शाईने खोडले होते.

तेव्हा आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. आम्ही तिथे गेलो तेव्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून धुळे जिल्हाच असे. प्रथम वर्षाच्या वर्गाला आम्ही निबंध दिला होता, ‘आमच्या घरचे जेवण’. विषय निवडताना आपण फार उदार आहोत अशी आमची समजूत होती. बहुतेक मुलांनी पुरणपोळीवर लिहिले. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी ती वर्षातून एकदाही होत नसावी, पण निबंधात पुरणपोळी लिहायची असते हे त्यांना शाळेपासून ठाऊक होते. चिंचपाड्याच्या एका मुलाने मात्र आपली आजी नदीतला मासा पानात गुंडाळून चुलीत कसा करते, ते दोन पाने भरून लिहिले होते. त्याची घरची बोली मावची. नवापूर तालुक्यात आणि सीमेपलीकडे गुजरातेत गावित, मावची, गामित या नावांनी ओळखले जाणारे लोक ती बोलतात. पानात गुंडाळून राखेखाली शिजवण्याच्या क्रियेला त्याने आपल्या बोलीतले क्रियापद वापरले होते, मराठीचे प्रत्यय लावून, चांगले चार-पाच वेळा. आम्ही ते प्रत्येक वेळी खोडून वर ‘भाजणे’ लिहिले. ‘अख्खा’ खोडून ‘संपूर्ण’ केले. समासात शेरा दिला, की प्रमाण शब्द वापरावेत. वीसपैकी नऊ गुण.

इथे या ‘आम्ही’विषयी एक खुलासा करायला हवा. अध्यापकाला ही सवय वर्गात लागते. ‘आम्ही असे मानतो’ म्हटले की पाठीशी कोश, व्याकरण आणि विद्यापीठ उभे आहे असा भास होतो. लिहितानाही ती सुटत नाही. पण ती शाई एकाच हाताची होती, आणि त्या दिवशी कोणत्याही कोशाने आम्हाला तसे करायला सांगितले नव्हते. त्याच महिन्यात, त्याच वर्गात आम्ही याच जिल्ह्यातले कवी वाहरू सोनवणे यांच्याविषयी, १९८७ साली आलेल्या त्यांच्या ‘गोधड’ या संग्रहाविषयी, मराठी आणि भिली अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या कवीच्या कोंडीविषयी मोठ्या कळकळीने बोललो होतो. वही तपासताना यातले काहीही आठवले नाही.

वही परत घेताना तो मुलगा रागावला नाही की नाराज दिसला नाही. एवढेच म्हणाला, “सर, एकदा घरी या. आजी करून दाखवेल.” आम्ही हो म्हटले, अध्यापक जसे म्हणतात तसे.

जुलैतल्या एका रविवारी मात्र खरोखर गेलो. सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान चिंचपाडा हे लहानसे स्थानक आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणून हा मार्ग एकोणिसावे शतक संपता संपता पडला. नवापूरच्या स्थानकाची अर्धी इमारत महाराष्ट्रात आणि अर्धी गुजरातेत, ही गंमत सगळ्यांना माहीत असते. चिंचपाड्याला अशी काही गंमत नाही. ख्रिस्ती मिशनचे जुने रुग्णालय ही गावाची बाहेरच्यांना असलेली ओळख. भाताच्या खाचरांतून चिखलणी चालली होती आणि डोंगराच्या अंगाला साग नुकता भरगच्च झाला होता. गावाचे नाव उच्चारले की तोंडात आंबट चव येते, हे आमच्या मनात उतरताना आले खरे. पण त्या आंबटाचा पुढच्या दोन तासांत संबंध येईल असे वाटले नव्हते.

मुलाच्या वडिलांनी पहिली गोष्ट केली ती क्षमा मागण्याची. पाहुणा आला की कोंबडी कापायची, ही रीत. पण त्या फेब्रुवारीत देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नेमका नवापुरात नोंदला गेला होता. १८ तारखेला सरकारने तो जाहीर केला आणि पुढच्या दिवसांत लाखो पक्षी मारून पुरले गेले. पाच महिने उलटले तरी त्या घरात पुन्हा कोंबडी आलेली नव्हती. “मासाच आहे,” ते म्हणाले, ओशाळल्यासारखे. ज्या पदार्थासाठी आम्ही मुद्दाम आलो होतो तो त्यांच्या लेखी पाहुण्याला वाढण्याच्या योग्यतेचा नव्हता. मुलाने निबंधात तोच का निवडला असेल, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा आमच्या मनाला शिवला. सणाचे नव्हे, पाहुण्याचेही नव्हे. विषयात विचारले होते तसे, घरचे जेवण.

मासा होता मरळ, हातभर लांब. मुलाच्या काकांनी पहाटे धरलेला. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे ओल्या गोणपाटात गुंडाळलेला तो आम्ही पोहोचलो तेव्हाही जिवंत होता. आजी कुडाच्या भिंतीशी बसून पाट्यावर सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि मीठ वाटत होती. तिने मासा मारला, पोट फाडून साफ केले, पण खवल्यांना हात लावला नाही. भिजवलेल्या चिंचेचा दाट कोळ वाटणात मिसळला, वरून मोहाच्या बियांचे थोडे तेल घातले, आणि ते माशाच्या आतून-बाहेरून चोळले. मग सागाची दोन मोठी पाने आडवी-उभी पसरून त्यांत मासा गुंडाळला, त्यावर तिसरे पान घेतले आणि पळसाच्या मुळाच्या वाखाने ते पुडके बांधले. चुलीतली लाकडे तिने आधीच मागे ओढून घेतली होती. निखारे बाजूला सारून राखेत खळगा केला, पुडके त्यात ठेवले, वर राख लोटली, राखेवर निखारे. आणि हात झटकून सुपारी कातरायला बसली.

आम्ही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून येणाऱ्या पाककृतींचे वाचक. त्यामुळे आम्हाला एक हुशारीचा प्रश्न सुचला, की यात एखादा सुगंधी पाला वगैरे घालीत नाहीत का? मुलाने तो आजीला तिच्या भाषेत विचारला. आजीने दिलेले उत्तर त्याने असे सांगितले: “ती म्हणते, वेगळा पाला कशाला? पान आहे की.”

त्या अर्ध्या तासात आजी आणि तिची सून बोलत होत्या. बोलण्यात ते क्रियापद आले. निदान दोनदा, कदाचित तीनदा. आम्ही ते ओळखले. वहीत चार-पाच वेळा खोडलेली गोष्ट कानांना अनोळखी राहत नाही. आमच्या खिशात लेखणी होती. आम्ही ते लिहून घेतले नाही. आपण खोडलेला शब्द इथे कुणी मोठ्याने बोलते आहे याचा संकोच होता, की मुलगा आमच्याकडे पाहत होता म्हणून आम्ही चुलीकडे पाहत राहिलो, ते आता सांगता येत नाही.

राखेतून काढलेले पुडके बाहेरून कोळसा झालेले होते. दुसरे पान तपकिरी, आणि सर्वांत आतले अजून ओलसर. ते सोलले तशी खवले आणि कातडी पानालाच चिकटून सुटून आली, आणि आत वाफाळता, पांढरा मासा. पूर्ण पांढरा नव्हे. सागाचे कोवळे पान चोळले की बोटे लाल होतात. तोच रंग वाफेबरोबर मांसात उतरला होता, शिरांसारखा. जावा बेटावर फणसाच्या एका प्रसिद्ध भाजीला लालसर रंग यावा म्हणून सागाचीच पाने घालतात, हे आम्ही फार नंतर वाचले. त्या दिवशी मात्र तो रंग पाहून दुसरेच काहीतरी आठवले होते. आमचे घर मासे न खाणारे. आम्ही ते शिकलो विद्यापीठाच्या दिवसांत, खाणावळीत, रश्शात बुडालेल्या तुकड्यांच्या रूपाने. डोके, डोळे, शेपटी असलेला अख्खा मासा समोर ताटात पाहण्याची ती पहिली वेळ. आजीने डोक्याकडचा भाग आमच्याकडे सरकवला. मुलाने हळूच सांगितले, की तो मान आहे. आम्ही तांदळाच्या भाकरीबरोबर तो खाल्ला. काटे काढता काढता बोलायला सवड नव्हती, आणि ते सोयीचेच होते.

चव सांगायची तर आधी तिखट, मग चिंच, आणि सगळ्यात शेवटी, घास गिळल्यावर, धुराची नव्हे तर ओल्या लाकडाची एक आठवण.

पुण्याच्या गच्चीवरून परतल्यावर आम्ही काही दिवस या दोन माशांच्या मागे लागलो. पुस्तकी माणसाला प्रायश्चित्तही पुस्तकांतच सुचते. पहिली गोष्ट कळली ती अशी, की भूमध्यसागरी म्हणून मिरवणाऱ्या पाककृतीची सर्वांत जुनी शब्दरूप आठवण पुण्याच्या गच्चीपेक्षा चिंचपाड्याच्या चुलीला जवळची आहे. सिसिलीतल्या गेला या गावचा आर्केस्ट्राटस हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला कवी. कोणत्या बंदरात कोणता मासा घ्यावा आणि तो कसा करावा यावर त्याने एक विनोदी महाकाव्यच लिहिले. ते समग्र उरले नाही. इसवी सन २०० च्या सुमारास अथेनियसने आपल्या मेजवानीच्या ग्रंथात त्यातले वेचे उद्धृत केले, म्हणून तुकडे तरी राहिले. त्यांतल्या एका वेच्यात तो एका माशाविषयी सांगतो, की अंजिराच्या पानांत गुंडाळा, थोडा मरव्यासारखा पाला घाला, चीज वगैरे भलते काही नको. लव्हाळ्याच्या दोरीने बांधा आणि गरम राखेखाली लपवा. अंजिराच्या जागी साग, लव्हाळ्याच्या जागी पळसाचा वाख. बाकी कृती तीच. चांगल्या माशावर चीज आणि व्हिनेगर ओतून त्याची माती करणाऱ्या सिराक्यूजच्या आचाऱ्यांवर हा कवी फार चिडलेला असतो. आजीचे ते ‘पान आहे की’ त्याला पटले असते.

आर्केस्ट्राटसच्या माशात लिंबू नाही. असणार कसे? ते तिथे पोहोचलेच नव्हते. ग्रीकांना आणि रोमनांना आधी ओळख झाली ती महाळुंगाची. तेच मातुलिंग, जे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आहे. लिंबूवर्गीय फळांचे मूळ आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात असावे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. भूमध्यसागरी पिवळे लिंबू हे महाळुंग आणि आंबट संत्रे यांचा संकर, आणि त्याची लागवड त्या किनाऱ्यांवर पसरवली ती अरबांनी, दहाव्या शतकाच्या आसपास. म्हणजे ज्या फळावाचून ती पाककृती आज ओळखू येत नाही, ते तिथले पाहुणे आहे, आणि गेले आपल्या बाजूने. उलट आजीच्या वाटणातली मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेली. चिंचेला अरबांनी ‘हिंदचा खजूर’ म्हटले, म्हणून ती जगात आपली म्हणून ओळखली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे मूळ आफ्रिकेत दाखवतात. गावाच्या नावातच आहे म्हणून ती गावची, एवढेच खरे.

आंबट मात्र दोन्हीकडे हवे, आणि त्याला कारण आहे. समुद्रातला मासा शिळा होऊ लागला की त्याला जो वास येतो तो अल्कधर्मी द्रव्याचा; लिंबाच्या आम्लाने ते द्रव्य बांधले जाते आणि वास दबतो. नदी-तळ्यातल्या माशाला वेगळा वास असतो, चिखलाचा. तो येतो जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे, पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातलेच हे द्रव्य, आणि आम्लात तेही मोडते. म्हणजे जिताड्याला लिंबू आणि मरळीला चिंच, हे दोन्ही बरोबर. पाल्याच्या बाबतीतही थोडे असेच. थाइमचा जीव ज्या थायमॉलमध्ये आहे ते आपल्या ओव्यात भरपूर असते; ओरेगानोचा दर्प ज्या कार्व्हाक्रॉलचा, ते अंगणातल्या कुंडीत वाढणाऱ्या आणि भज्यांपलीकडे कुणी न विचारलेल्या पानओव्यात सापडते. स्नेह्यांनी ती हवाबंद पुडी विकत घेतली तेव्हा त्यांच्याच जिन्याखाली पानओवा होता. रोझमेरीला मात्र आपल्याकडे जोड नाही, हे मान्य.

या पाककृतीने जगभर प्रवास केला तो मात्र पुस्तकांतून. एलिझाबेथ डेव्हिड यांचे भूमध्यसागरी जेवणावरचे पुस्तक १९५० साली लंडनमध्ये निघाले, तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होते आणि ऑलिव्हचे तेल औषधांच्या दुकानात, कानात घालायला म्हणून, लहान बाटलीत मिळे. वाचकांपैकी फार थोड्यांना त्यातले काही करून पाहता आले असेल. तरी त्यांनी ते वाचले. भुकेल्या देशाने शब्द खाल्ले म्हणा ना. साहित्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. आमचा मुद्दा इतकाच, की लिंबू, थाइम, बडीशेप यांची नावे जशीच्या तशी लिहिणारे कुणीतरी तिथे होते.

आपल्याकडेही होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात माशांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कोणता मासा कुठे सापडतो, काय खातो, गळाला काय लावावे, इथपर्यंत. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात त्यातले मासे ओळखण्याचा प्रयत्न केला. त्यातली बरीच नावे त्या मुलखातल्या लोकांच्या तोंडची असावीत असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. राजाने ती संस्कृत श्लोकात बसवली, पण टाकून दिली नाहीत. त्याला कुणी प्रमाण शब्द वापरण्याचा शेरा दिला नसावा.

आणि मराठीला तरी खरोखर वानवा आहे का? गच्चीवर कुणाला आठवला नाही तो ‘फुफाटा’ हा शब्द घ्या. फुफाटा म्हणजे गरम राख, धगधगती राख. ‘आगीतून फुफाट्यात’ आपण रोज म्हणतो, आणि वर्गात विचारले तर निम्मी मुले त्याचा अर्थ धुळीचा लोट असा सांगतात, कारण राखेत काही पुरून शिजवणारी चूलच त्यांनी पाहिलेली नाही. चूल गेली की शब्द म्हणीत जाऊन बसतो, आणि म्हणीतून कोशात. मावची क्रियापदाचे तसे नव्हते. त्याची चूल पेटलेली होती. ‘ग्रिल’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या पाककृतींत आम्ही शेकडो वेळा वाचला आहे आणि एकदाही आमचा हात तांबड्या शाईकडे गेलेला नाही. परक्या शब्दाला पासपोर्ट विचारायचा नाही आणि शेजारच्याला दाराबाहेर उभे करायचे, हा आमचा प्रमाणभाषेचा हिशेब होता. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आले, तेव्हा मराठी स्वयंपाकघर कुणी लिहिले आणि कुणाचे लिहायचे राहिले यावर बरेच बोलले गेले. आम्ही त्या चर्चेत उत्साहाने बोललो. आपल्या हातून एक चूल खोडली गेली आहे, हे सांगितले नाही.

२०१३ साली भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड निघाला, तेव्हा तो मुद्दाम मागवून घेतला होता. चाळत बसलो, आणि मग लक्षात आले की काय शोधायचे तेच आठवत नाही. शब्दाची सुरुवात कशी होती, किती अक्षरी होता, काही नाही. खोडताना आम्ही नीट खोडले होते, वर आडव्या दोन रेघा मारून, वाचता येऊ नये असे. शिस्तीचा भाग म्हणून.

गच्चीवरच्या जेवणानंतर महिनाभराने आम्ही त्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी क्रमांक मिळवला. तो आता एका आश्रमशाळेत शिकवतो. आवाज ऐकून त्याने लगेच ओळखले, याचा जितका आनंद झाला तितकीच अडचणही. इकडचे तिकडचे बोलून आम्ही विचारले, की त्या निबंधात तू एक क्रियापद लिहिले होतेस, आजी मासा करायची ते, ते कोणते?

तो जरा थांबला. मग म्हणाला, “सर, कोणतं? दोन आहेत.” पानात गुंडाळून राखेत पुरायचे ते एक, आणि नुसत्याच निखाऱ्यावर टाकून वरच्या वर उलटायचे ते दुसरे. त्याने दोन्ही उच्चारून दाखवले. आम्ही दोन्ही दोनदा म्हणायला लावले. ओळखीचे कोणतेच वाटले नाही. किंवा दोन्ही वाटले. निबंधात कोणते लिहिले होते ते त्यालाही आठवत नव्हते. कृती पानातली होती तेव्हा पहिले असायला हवे, पण तेव्हा आपणच गोंधळ केला असेल तर सांगता येत नाही, असे तो म्हणाला. वही? ती कधीच गेली. आजीला विचारले असते, पण आजी २०१४ साली वारली.

ते दोन शब्द इथे दिलेले नाहीत. दूरध्वनीवर ऐकलेले शब्द आमच्या कानाने आणि आमच्या अक्षरांत लिहायचे म्हणजे पुन्हा एकदा तपासणीच झाली असती. त्याने ते स्वतःच्या हाताने लिहून पाठवायचे ठरले आहे, वापरासकट, वाक्यांत घालून. अजून आलेले नाहीत. शाळेला परीक्षा आहेत.

आम्ही त्याला पुण्यातल्या माशाची हकीकत सांगितली. त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले. जाळी, राखेची साय, पोटातला पाला. मग विचारले, “लिंबू आधी घालतात की नंतर, सर?”

दोन्ही वेळा, आम्ही सांगितले. चकत्या आधी, रस नंतर.

“मग ठीक आहे,” तो म्हणाला. “चिंच आधीच घालावी लागते.”